फान्तायेची केबल

"आधी आपलं टोक बघायचं, मग समोरचं. केबलला हात सगळ्यात शेवटी."

त्यांचे शिक्षक गाशे मेकुरिया, गाशे म्हणजे दादा, हे इतक्या वेळा सांगत की वर्गातल्या मुली पाठीमागे त्यांची नक्कल करायच्या. राजधानीत, अदिसमधल्या प्रशिक्षणाच्या त्या लांबट खोलीत अस्कले आणि फान्ताये एकाच बाकावर बसत. गाशे फळ्याकडे वळले की फान्ताये भुवया उंचावून कुजबुजायची, "आणि डोक्याला हात त्याच्याही नंतर." अस्कलेला हसू आवरायचं नाही आणि बोलणी तिलाच बसायची.

पुढे दोघींना आपल्याच गावी, देस्सेच्या इस्पितळात नोकरी लागली. अस्कले युनिक्स शिकली आणि कॉम्प्युटरची खोली तिच्याकडे आली. फान्तायेच्या हाती सोल्डर गन आली. इस्पितळातलं तुटलेलं जे काही होतं, रक्तदाब मोजायच्या यंत्रापासून डॉक्टरांच्या रेडिओपर्यंत, ते तिच्या टेबलावर येऊन पडे आणि नीट होऊन परत जाई. दोघी एकाच अंगणात समोरासमोर राहायच्या. एकीने कॉफीचे दाणे भाजायला घेतले की दुसरी वास घेत येऊन बसायची. बोलावणं कधी लागलं नाही.

त्या वर्षी फिल्सेताचे, मरियमच्या सणाआधीचे, उपास सुरू झाले तेव्हाच कॉम्प्युटरच्या खोलीतल्या जुन्या मशीनने कुरकुर धरली. तिच्या पोटातली डिस्क मधूनच अशी कर्कश ओरडे की साहलु कानावर हात ठेवायचा. साहलु नोंदींच्या विभागातला कारकून, चाळिशीचा, जिभेला हाड नसलेला. "म्हातारी आता बोलावणं आल्यासारखं करते," असं म्हणून तो मशीनपुढे छातीवर क्रूस काढायचा. पण त्यालाही माहीत होतं की हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही. डोंगराळ गावांमधून क्षयाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या सगळ्यांच्या नोंदी त्या एका मशीनमध्ये होत्या. कोण कितव्या महिन्याच्या औषधावर आहे, कुणाला कुठली गोळी सोसत नाही, सगळं. कागदी नोंदी केव्हाच बंद झाल्या होत्या.

अदिसहून नवीन लिनक्सचं मशीन आलं होतं. नोंदी त्यात घालायच्या, पण कशा? म्हातारीची फ्लॉपी गंजलेली, टेप फिरायची बंद झालेली. बोलायला एकच वाट उरली होती, पाठीमागचा सीरियल पोर्ट. दोन मशीनच्या मध्ये केबल टाकायची, एकीची बोलायची तार दुसरीच्या ऐकायच्या तारेला जोडायची, आणि नोंदी ओळीओळीने पलीकडे ओढायच्या. अस्कलेने आकृती काढून दिली, फान्तायेने केबल बनवली आणि मीटर लावून एकेक तार तपासली.

केबल बनवण्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी उपास सोडून दोघी फान्तायेच्या दारात बसल्या होत्या. दुसऱ्या फेरीची कॉफी ओतताना फान्तायेची धार कपाच्या बाहेर गेली. अस्कलेने काहीतरी चेष्टा केली. फान्ताये हसली नाही. डाव्या डोळ्यापुढे धुकं येतंय, म्हणाली. मोतीबिंदूच असणार, आईला होता तसाच. पावसाळा संपला की डोळ्यांचे डॉक्टर येतात, तेव्हा करून घेईन. उजव्या डोळ्याने काम होतंय, भिंग आहे. पण तोवर कुणाला सांगू नकोस, लोक आधी डोळा बघतील आणि मग काम बघतील. अस्कलेने तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, वेडी आहेस का, मी कशाला सांगू.

डॉक्टर शिफेरॉ इस्पितळाचे प्रमुख. त्यांनी केबल लावायच्या दिवशी प्रांताच्या आरोग्य कचेरीतल्या दोन अधिकाऱ्यांनाही बोलावलं. अस्कलेला हे आदल्या दिवशी कळलं. तिने दोन्ही मशीन घाईघाईने तयार केली, सकाळी मरियमपुढे डोकं टेकवलं, पांढरा नेटेला नीट पांघरला आणि खोलीत सगळ्यांच्या मध्ये उभं राहून नोंदी मागवल्या.

नोंदी आल्या, पण चाळणीतून गळून आल्यासारख्या. एका नावातली दोन अक्षरं आली, तीन गेली. पुढच्या ओळीत नुसता शेवटचा आकडा. मग बराच वेळ काही नाही, आणि मग कुठलीतरी अर्धवट ओळ. अस्कलेने वेग कमी केला. फरक पडला नाही. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. तेच. एका अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि विचारलं की अडचण नेमकी कुठे आहे.

दोन्ही मशीन तिने स्वतः तयार केली होती. दोन्ही टोकं तिचीच होती. मध्ये फक्त एक गोष्ट दुसऱ्या कुणाची होती.

"सोल्डर कच्चं आहे, डॉक्टर," अस्कले म्हणाली. "फान्तायेला हल्ली दिसत नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तिनेच सांगितलंय मला."

फान्ताये दाराशी मीटर हातात घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी मीटरने तपासली आहे."

"पण बाई, मीटर तरी दिसतो ना?" घड्याळवाला अधिकारी म्हणाला. तो तसा वाईट माणूस नव्हता, कंटाळला होता. खोलीत थोडं हसू झालं. अस्कलेही हसली. मोठ्याने नव्हे, पाहुण्यांचं मन राखायला हसतात तसं. हसता हसता तिची नजर दाराकडे गेली आणि फान्ताये तिच्याकडेच बघत होती.

डॉक्टरांनी ओरडाआरडा केला नाही. अदिसहून तयार केबल मागवू, म्हणाले, आणि फान्तायेला डोळा बरा होईपर्यंत हलकं काम देऊ. दुसऱ्या दिवसापासून ती चादरींच्या कोठीत बसू लागली. धुऊन आलेल्या चादरी घडी करायच्या, फाटलेल्या बाजूला काढायच्या. तिचं टेबल तसंच राहिलं. वर कुणीतरी आपला जेवणाचा डबा ठेवायला सुरुवात केली.

उपासाचे दिवस पुढे सरकत होते. अस्कले नेहमीसारखी पहाटे उठायची, चर्चमध्ये बायकांच्या बाजूला उभी राहायची, संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. पूर्वी फान्ताये तिच्या खांद्याला खांदा लावून उभी असायची. आता ती मागच्या खांबापाशी उभी राहायची. अंगणात कॉफीचा वास दोन्हीकडून यायचा, वेगवेगळ्या वेळी. अस्कले स्वतःला समजावत राहायची की मी खोटं कुठे बोलले, डोळा खरंच अधू आहे, आणि क्षयाच्या रोग्यांचा प्रश्न होता. हे ती मनाशी इतक्या वेळा म्हणायची की स्तोत्र म्हणताना मध्येच जीभ त्या वाक्यावर जायची.

मग अदिसहून केबल आली. कारखान्यात बनलेली, टोकांना चकचकीत टोप्या. अस्कलेने ती लावली आणि नोंदी मागवल्या.

अक्षरं तशीच गळत होती. तसूभर फरक नव्हता.

साहलु मागून म्हणाला, "एतीये, अदिसच्या सोल्डरवाल्यालाही मोतीबिंदू झालेला दिसतोय." एतीये म्हणजे ताई. तो तिला नेहमीच तसं म्हणायचा, पण आज त्या शब्दात नेहमीची माया नव्हती. तिने त्याला क्षयाच्या वॉर्डातलं टर्मिनल आणायला पाठवलं. वॉर्डावॉर्डात अशी टर्मिनलं होती, नुसता पडदा आणि कळफलक, ज्यांच्या केबली म्हातारीच्या पाठीत यायच्या. केबलचं म्हातारीकडचं टोक काढून तिथे ते टर्मिनल लावून बघू, म्हणजे नवीन मशीनकडून काय येतंय ते कळेल, एवढाच तिचा हिशेब होता.

साहलुने टर्मिनल आणून टेबलावर ठेवलं आणि तो वॉर्डात कळवायला गेला की संध्याकाळपर्यंत परत देऊ. अस्कलेने केबल लावली, खटका दाबला. पडदा हिरवट उजळला. तिने काहीही टाइप केलं नव्हतं. वर एक ओळ उमटली:

स्वागत. देव तुम्हाला आरोग्य देवो. आपलं नाव सांगा.

ही ओळ तिची होती. नवीन मशीन आलं त्या दिवशी तिने हौसेने लिहिली होती. जुन्या मशीनवर कंपनीचं कोरडं इंग्रजी वाक्य होतं, ते तिला कधीच आवडलं नव्हतं.

अस्कलेचे हात मांडीवर पडले. सगळं एका क्षणात कळलं आणि कळूनही तिला ते पुन्हा एकदा वाचावंसं वाटलं. या इस्पितळात इतकी वर्षं प्रत्येक सीरियल पोर्टाच्या पलीकडे माणूस असायचा, कुठल्यातरी वॉर्डातली नर्स नाहीतर औषधांच्या खिडकीतला बाप्या. म्हणून प्रत्येक पोर्टावर नाव विचारणारा प्रोग्राम बसवायचा, ही तिच्या हाताची सवय. नवीन मशीनवरही तिने पाहुणे यायच्या आदल्या दिवशी घाईत तोच बसवला होता. पण या पोर्टाच्या पलीकडे माणूस नव्हता, म्हातारी होती, आणि म्हातारीसुद्धा नावच विचारत बसली होती. म्हातारीकडून येणारी नोंद अस्कले एका हाताने मागत होती, आणि तिनेच बसवलेला तो प्रोग्राम अर्धी अक्षरं वाटेतच गिळत होता. कुणी आपलं नाव सांगतंय असं समजून.

तिने तो प्रोग्राम बंद केला. केबल पुन्हा म्हातारीला लावली. नोंदी मागितल्या. नावं अखंड येऊ लागली.

मग तिने खण उघडला आणि फान्तायेची केबल बाहेर काढली. तिला वाटलं, करू नये. तरी तिने अदिसची केबल काढून ती लावली. नावं तशीच अखंड येत राहिली, मुलुवर्क, देस्तालेम, यिमेनुशेट, प्रत्येकाच्या पुढे औषधाचा महिना. एकही अक्षर गळलं नाही. टोकापाशी सोल्डरचे थेंब ओळीत बसले होते, मोहरीच्या दाण्यांसारखे, सगळे एकाच आकाराचे. एका डोळ्याने आणि भिंगाने केलेले.

साहलु परत आला तेव्हा तिने त्याला काय झालं होतं ते सांगितलं. सांगताना आवाज खाली गेला. साहलु आधी हसला. "म्हणजे दोघी नळावर भेटल्या म्हणायच्या. कशी आहेस, घरचे कसे, कशी आहेस, घरचे कसे. उत्तर कुणीच देईना." मग त्याची नजर म्हातारीच्या पाठीत शिरलेल्या केबलवर पडली आणि त्याचं हसू थांबलं.

तेवढ्यात डॉक्टर शिफेरॉ आले. पडद्यावर सरकणारी नावं बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी वाकून केबल दोन बोटांत धरली.

"बघा," ते म्हणाले, "टोकं कशी बसवलीत. याला म्हणतात अदिसचं काम. तुम्ही वेळेवर बोललात म्हणून बरं झालं, अस्कले."

बोलायची वेळ ती होती. एकच वाक्य लागलं असतं. डॉक्टर चांगले होते, साहलु साक्षीला उभा होता, केबल त्यांच्याच हातात होती. अस्कलेने तोंड उघडलं, आणि तिला जाणवलं की आपली मान हलतेय. होकारार्थी. डॉक्टरांनी तिचा खांदा थोपटला, शुक्रवारी आरोग्य कचेरीची माणसं पुन्हा येणार आहेत, त्यांच्यासमोर तुमचं दोन शब्दांत कौतुक करायचं आहे, असं सांगितलं आणि ते गेले.

साहलुने टेबलावर पडलेली चकचकीत केबल उचलली. "एतीये, ही अदिसची पिशवीत घालून ठेवू? की डॉक्टरांना दाखवायची आहे अजून?"

तिने कळफलक जवळ ओढला. त्याने केबल पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड नीट बांधलं.

त्या दिवशी उपास सोडायला ती बसली तेव्हा इंजेराचा, त्या आंबट भाकरीचा, तुकडा हातातच राहिला. ताटातलं शिरो, डाळीच्या पिठाचं कालवण, तसंच थिजलं. ती उठली आणि चर्चच्या मागच्या खोलीत अब्बा हाब्तेंकडे गेली. लहानपणापासून तिच्या पापांची कबुली तेच ऐकत आले होते. तिने सगळं सांगितलं, हसण्याचंही आणि मान हलवण्याचंही. मग तिनेच म्हटलं की मला जास्त दंडवत सांगा, मरियमचा सण झाल्यावरही उपास चालू ठेवायला सांगा, सांगाल ते करते.

म्हाताऱ्याने काठीवर हनुवटी टेकवली. मग विचारलं की दंडवत घालशील ते कुठे घालशील, इथेच ना? ती हो म्हणाली. "इथे मी आहे आणि तू आहेस," अब्बा म्हणाले. "मला तर कुणी त्या खोलीत बोलावलं नव्हतं. तिथे कोण कोण होतं?" तिने नावं सांगितली. फान्तायेचं नाव शेवटी घेतलं. अब्बांनी तिला दंडवत दिले नाहीत. ऊठ, जा, म्हणाले, तिचं घर तुझ्या समोरच आहे.

अंगणात पाऊस थांबून ढग खाली आले होते. फान्ताये दारातच बसून सुपातली मसूर निवडत होती. खडे बोटांनी शोधत होती, मान वर न करता. अस्कले उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"आत ये नाहीतर जा," फान्ताये म्हणाली. "उजेड अडतोय."

अस्कले आत गेली नाही, उंबऱ्यावरच बाजूला बसली. केबल चांगली होती, म्हणाली. दोष माझ्या टोकाचा होता. सगळं सविस्तर सांगितलं, पोर्टाचं, प्रोग्रामचं, डॉक्टरांनी केबल हातात धरून काय म्हटलं तेही. सांगता सांगता रडू आलं. फान्तायेने एक खडा बाजूला टाकला.

"केबल चांगली होती हे मला सांगायला आलीस?" ती म्हणाली. "मी बनवली ती. तपासलीही मीच."

अस्कलेने नेटेलाच्या टोकाने डोळे पुसले.

"आणि रडू नकोस. तू रडलीस की मला समजूत घालावी लागते, जन्मभराची सवय आहे. आज नाही घालणार."

अस्कले म्हणाली, "डोळ्याचं मला परत घेता येत नाही."

"नाही येत." फान्तायेने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं, मान जराशी वळवून, उजव्या डोळ्यात उजेड येईल अशी. "ते तसंच राहणार. काल कोठीत धोबीण मला विचारत होती, ही चादर पांढरी आहे हे कळतं का तुम्हाला. चेष्टेत. तिला कुणी सांगितलं? मी नाही."

अंगणात कुणाची तरी कोंबडी ओरडत गेली. फान्तायेने सूप खाली ठेवलं.

"तुझं तोंड मला माहीत आहे, अस्कले. माझ्यापुढे कसंही चालतं. लोकांपुढे गेलं की जीभ गिळते नाहीतर भलतंच बोलते. शुक्रवारी ते दोघे येणार आहेत म्हणतेस. त्यांच्यापुढे बोलशील? कौतुक चालू असताना?"

"बोलेन."

"सगळं?"

"हसले होते तेही सांगेन."

फान्तायेने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "बघू," ती म्हणाली. कॉफीला बस, असं ती म्हणाली नाही, आणि अस्कलेनेही वाट बघितली नाही.

गुरुवारी संध्याकाळी साहलुने येऊन सांगितलं की डॉक्टरांनी पाहुण्यांसाठी पाव आणि चहा सांगितलाय, आणि अस्कलेसाठी फुलं. "उपासात अंडं-दूध चालत नाही म्हणून फुलं," तो म्हणाला. "नाहीतर केकच आणला असता." मग म्हणाला की मलाही त्या खोलीत बोलावलंय. अस्कले म्हणाली, बरं झालं.

शुक्रवारी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. रात्रभर नीट झोप नव्हती. दोनदा तिच्या मनात आलं होतं की डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगून टाकावं, काम तेच होईल, आणि दोन्ही वेळा ती अंथरुणातच कूस बदलून भिंतीकडे वळली होती. मरियमच्या चित्रापुढे मेणबत्ती लावली, पण काही मागितलं नाही. काय मागायचं ते सुचलं नाही, आणि मागणं योग्य आहे असंही वाटलं नाही. केस विंचरले, नेटेला पांघरला. समोरच्या खोलीचं दार बंद होतं. आतून भांड्याचा आवाज आला, मग थांबला.

इस्पितळाच्या चढावर धुकं होतं. आरोग्य कचेरीची गाडी फाटकाशी उभी होती. काचेतून डॉक्टरांच्या खोलीत लागलेला दिवा दिसत होता, आणि त्याखाली हलणारी माणसं. घड्याळवाला अधिकारी खुर्ची सरकवत होता. अस्कलेने फाटकातल्या पहारेकऱ्याला नमस्कार केला, त्याने घरच्यांची विचारपूस केली, तिने सगळ्यांची उत्तरं दिली आणि त्याच्या घरच्यांची चौकशी केली. मग चपला पुसल्या आणि पायऱ्या चढायला लागली.